घांघरिया ते पुष्पावतीचे पात्र: व्हॅली ऑफ फ्लॉवर्स एका दिवसात पूर्ण कशी चालावी

उत्तराखंडमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहून आलेली मराठी माणसे थोडीथोडकी नाहीत. पुण्या-मुंबईच्या भटक्यांच्या जुलै-ऑगस्टच्या बेतांत ही दरी हटकून असते. तरीही दरीच्या आतल्या टोकापर्यंत, जिथे पुष्पावती नदी गोट्यांनी भरलेल्या रुंद पात्रातून वाहते तिथपर्यंत गेलेली माणसे त्या मानाने कमी भेटतात. पुष्कळ जण चढ संपल्यावर लागणाऱ्या पहिल्या मोठ्या कुरणात दोन-तीन तास रमतात आणि तिथूनच मागे फिरतात. अंतर हे त्याचे कारण नाही. दरीच्या अलीकडचे मुक्कामाचे गाव असलेल्या घांघरियाहून पात्रापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे साधारण सोळा-सतरा किलोमीटरची चाल, आणि राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांच्या पायांना ती झेपण्यासारखी आहे. अडचण अशी की दरीत मुक्कामाला परवानगी नाही. वन विभागाची चौकी सकाळी साधारण सातला उघडते, दुपारी दोननंतर कोणालाही आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सर्वांना बाहेर यावे लागते. म्हणून या चालीची आखणी सकाळपासून पुढे न करता संध्याकाळच्या पाचपासून मागे मोजत करावी.

मुक्कामाची बंदी काहींना जाचक वाटते, पण दरी आज जशी आहे तशी राहण्यात या बंदीचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी भ्यूंडार खिंड ओलांडून या बाजूला उतरले आणि बाहेरच्या जगाला या दरीची ओळख झाली. भ्यूंडारच्या मेंढपाळांना ती अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १९८२ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, चराई थांबली आणि २००५ साली नंदादेवी उद्यानाच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या दरीचे नाव लागले. उद्यानाचे क्षेत्रफळ साडेसत्याऐंशी चौरस किलोमीटर असून तेवढ्यात सपुष्प वनस्पतींच्या पाचशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. आत दुकान नाही, चहाची टपरी नाही, खेचरे नाहीत, मोबाइलला रेंज नाही. जे लागेल ते पाठीवर न्यायचे आणि जे उरेल ते पाठीवरच परत आणायचे, ही येथील रीत आहे.

कधी जावे

उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते, पण हे पाच महिने एकसारखे नसतात. जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे पडलेले असतात, फुले नुकती सुरू होत असतात आणि नदीपर्यंतची वाट कित्येकदा मोकळी नसते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा महिना बहराचा. सप्टेंबरमध्ये आकाश निवळते, भोवतालची शिखरे स्पष्ट दिसतात, मात्र बरीचशी फुले बियांना लागलेली असतात आणि गवत पिवळे पडू लागते. फुले पाहायची असतील तर पावसात जावे लागते, याला पर्याय नाही. हा पाऊस सह्याद्रीतल्यासारखा धो धो कोसळणारा नसतो. बहुधा सकाळी थोडी उघडीप, मग दरीच्या तोंडातून वर चढणारे ढग आणि दुपारी झिमझिम, असा त्याचा क्रम असतो. पहाटे लवकर निघण्याचे हे आणखी एक कारण.

घांघरियापर्यंत

ऋषिकेशहून गोविंदघाट सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. अलकनंदेच्या काठाने जाणाऱ्या या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रात्री वाहने सोडत नाहीत, त्यामुळे पूर्ण दिवस त्यासाठी ठेवावा आणि संपूर्ण प्रवासात किमान एक दिवस राखीव असावा. परतीचे रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट दुसऱ्याच दिवशीचे काढणे म्हणजे दरीतही सतत मनगटाकडे पाहत राहणे. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीप मिळते आणि तिथून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची पायवाट आहे. २०१३ च्या जूनमधील महापुरात ही वाट आणि तिच्यावरचे पूल मोठ्या प्रमाणावर वाहून गेले होते. आजची वाट त्यानंतर पुन्हा बांधलेली आहे. या टप्प्यात खेचरांची ये-जा फार असते. खेचर येताना दिसले की डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या अंगाला कधीही नाही, कारण त्याच्या पाठीवरचे ओझे वळणावर माणसाला सहज ढकलते. वाटेच्या कडेने बिच्छू घास ही अंगाला झोंबणारी वनस्पती माजलेली असते, म्हणून न पाहता हात टेकवू नये.

उंचीचा अंदाज महाराष्ट्रातल्या माणसाला नीट येत नाही, म्हणून एक तुलना सांगतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. गोविंदघाट, म्हणजे जिथे आपण गाडीतून नुसते उतरतो ते ठिकाण, त्याहून उंचावर आहे. घांघरिया ३०५० मीटरच्या आसपास आहे आणि दरीतील वाट साडेतीन हजार मीटरपर्यंत पोहोचते. सह्याद्रीतला कितीही दांडगा अनुभव असला तरी शरीराला ही हवा नवीन असते. घांघरियाला पोहोचल्यावर लगेच आडवे न होता तासभर सावकाश हिंडावे, पाणी भरपूर प्यावे आणि रात्री मद्य टाळावे. सकाळी उठल्यावर डोके जड असेल, मळमळत असेल आणि तोंडाला चव नसेल तर त्या दिवशी वर जाऊ नये. विश्रांतीनंतरही त्रास वाढत गेला तर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. विरळ हवेसाठी घ्यायच्या गोळ्या गावी असतानाच डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. कोणीतरी दिली म्हणून घांघरियाच्या धाब्यावर पहिली गोळी घेऊ नये.

बहुतेक प्रवासी येथून हेमकुंड साहिब या शिखांच्या गुरुद्वारालाही जातात. हेमकुंड ४३०० मीटरच्या वर आहे आणि चढ उभा आहे. म्हणून आधी दरी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड हाच क्रम योग्य. शरीराला तेवढीच एक रात्र जास्त मिळते.

पाठीवर काय असावे

वीस-पंचवीस लिटरची सॅक पुरते. आत सर्वांत आधी जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी घालून सगळे सामान त्या पिशवीत ठेवावे; सॅकचे बाहेरचे आवरण संततधारेत फार वेळ टिकत नाही. अंगावर सुती कपडे नकोत. सुती बनियन एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. लवकर वाळणारे कपडे अंगात, एक लोकरी किंवा फ्लीसचा थर पिशवीत कोरडा आणि वरून चांगला रेनकोट, एवढे लागते. पाँचो घातल्यावर पायांखालचे दगड दिसत नाहीत आणि काठीही नीट टेकता येत नाही, म्हणून या चालीसाठी रेनकोट व रेनपँट मला अधिक बरी वाटतात. बूट घोटा धरणारे आणि आधी किमान महिनाभर वापरलेले असावेत. नवे कोरे बूट घालून आलेल्या एका सोबत्याच्या दोन्ही टाचा पुलनाहून घांघरियाला येतानाच सोलपटल्या होत्या आणि ज्यासाठी तो दीड हजार किलोमीटर आला होता ती दरी त्याला खोलीच्या खिडकीतूनही दिसली नाही. काठी अवश्य न्यावी. चढापेक्षा उतारावर आणि ओढ्यात तिचा उपयोग जास्त होतो.

खाण्याचे सगळे घांघरियातून न्यावे लागते. धाब्यावर आदल्या रात्री सांगून ठेवले की सकाळी साडेसहाला पराठे बांधून देतात. त्याबरोबर आपल्याकडची शेंगदाण्याची चिक्की, गूळ, खजूर आणि घरचे डिंकाचे लाडू असले की दिवस निघतो. थंडीत तहान लागल्याचे कळत नाही, म्हणून दीड-दोन लिटर पाणी बरोबर ठेवून दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्यावेत. मूळ ओळखपत्र, रोख रक्कम, शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, चिकटपट्टी आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी हेही विसरू नये. दरीत शौचालय नाही. त्यामुळे सकाळचे विधी घांघरियात उरकून निघावे. वाटेत गरज पडलीच तर पाण्यापासून बरेच दूर जावे आणि वापरलेला कागद किंवा पॅड पिशवीत बांधून परत आणावा. हे लिहायला संकोच वाटतो, पण ओढ्याकाठी काय काय पाहायला मिळते ते आठवले की लिहिणे भाग पडते.

चालीचा दिवस

सातला चौकीवर नोंद करून आत शिरावे. सुरुवातीची वाट जंगलातली, दगड लावलेली आणि बरीचशी सोपी आहे. देवदाराच्या कुळातली उंच झाडे, त्यांच्या खाली दमट सावली आणि त्या सावलीत सापकांदा. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर कोकणात आणि घाटमाथ्यावर जो फणा काढून उभा राहतो, त्याचेच भाईबंद इथे आहेत. पुढे वाट उतरते आणि पुष्पावतीवरचा पूल लागतो. पुलाखाली पाणी इतक्या जोराने आदळते की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. इथे सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये.

पूल ओलांडला की दिवसातला खरा चढ सुरू होतो. वळणे घेत घेत, पायऱ्यांसारख्या दगडांवरून दीड तासाच्या आसपास चढायचे असते. सह्याद्रीत आपल्याला एका दमात माथा गाठून मग बसण्याची सवय असते. ती इथे मोडावी. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने, लहान पावले टाकत, न थांबता चालावे. धाप लागून थांबावे लागले तर वेग जास्त झाला असे समजावे. वर जाता जाता झाडे बुटकी होतात आणि भूर्जवृक्ष दिसू लागतात. त्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली असते, आतून फिकट गुलाबी, आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा असतात, जणू कोणी लिहिण्यासाठी आखून ठेवल्या आहेत. जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहीत ती हीच साल. ती ओढून काढण्याचा मोह आवरावा.

चढाच्या शेवटी बामनधौरच्या परिसरात झाडी मागे पडते आणि समोर दरी उघडते. घड्याळात सव्वानऊच्या आसपास वाजलेले असावेत. याच ठिकाणी दिवसाचा निकाल लागतो. फुले इथूनच कमरेएवढी असतात, कॅमेरे बाहेर निघतात आणि पाहता पाहता अकरा वाजतात. माझी सूचना अशी की जाताना इथे फक्त पंधरा मिनिटे थांबावे, फोटो परतीच्या वाटेवर काढावेत. हीच फुले दुपारीही असणार आहेत.

कुरणातून जाणारी वाट अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंची झाडे भिजलेली असतात, त्यामुळे पाऊस नसला तरी मांड्यांपर्यंत ओले व्हायला होते. रेनपँट इथे चढवावी. उंच वाढलेल्या गुलाबी फुलांचे जे दाट पट्टे लागतात तो हिमालयातला तेरडा. कासच्या पठारावर भाद्रपदात जो जमीन गुलाबी करून टाकतो त्याचा हा धिप्पाड नातेवाईक, कित्येकदा माणसाच्या खांद्याला लागणारा. ऑगस्टच्या अखेरीस त्याच्या शेंगा भरतात. पिकलेल्या शेंगेला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी ती तटकन फुटते, तिच्या फाका घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळतात आणि बिया मनगटावर येऊन आपटतात. लहानपणी परसात तेरड्याच्या शेंगा फोडलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

दुसरे झुडूप ओळखून ठेवण्यासारखे आहे ते अमेला, पॉलिगोनमची एक जात. पांढरट फुलांचे घोस असलेले हे झुडूप दिसायला वाईट नाही, पण धूप झालेल्या आणि उकरलेल्या मातीत ते फार जोमाने पसरते आणि त्याच्या सावलीत बुटकी फुलझाडे टिकत नाहीत. वन विभाग दरवर्षी माणसे लावून ते उपटतो. चराई बंद केल्यामुळेच ते वाढले, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे आणि त्यावर बरीच चर्चा झालेली आहे. आपल्यापुरता त्यातून निघणारा नियम साधा आहे: वाट सोडून कुरणात पाय टाकायचा नाही. फोटोसाठी दहा माणसे एकाच जागी शिरली की तिथली मुळे उघडी पडतात, आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर काय उगवेल हे अमेला पाहून समजते.

निळी पॉपी अनेकांना हवी असते आणि पुष्कळांना ती सापडत नाही, कारण तिचा ताटवा नसतो. खडकाच्या आडोशाला एखाददुसरी उभी असते. पाकळ्या आकाशी, इतक्या पातळ की पावसाचा थेंब पडला तर त्यातून पलीकडचा हिरवा रंग दिसतो. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका आणि देठावर, पानांवर, कळीवरसुद्धा बारीक काटे. ब्रह्मकमळ मात्र इथे शोधत वेळ घालवू नये, ते हेमकुंडच्या उंचीवर मुबलक असते. आपल्या अंगणात रात्री फुलते आणि जिला आपण ब्रह्मकमळ म्हणतो ती वनस्पती निवडुंगाच्या कुळातली आहे. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी तिचे नाते नाही.

साडेदहाच्या सुमारास मुख्य वाटेपासून थोड्या बाजूला जोन मार्गारेट लेग यांची समाधी लागते. वनस्पतींचे नमुने गोळा करायला आलेल्या या इंग्रज बाई ४ जुलै १९३९ रोजी उतारावरून घसरून दगावल्या आणि त्यांच्या बहिणीने नंतर येथे दगड बसवला. त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. ओल्या गवताच्या उतारावर अनुभवी माणसाचाही पाय सुटतो, हे लक्षात ठेवून इथे दहा मिनिटे शांत बसावे, काही खावे आणि पुढे निघावे.

समाधीच्या पुढे माणसे विरळ होतात. वाटही पुसट होते, पण नदीचा आवाज आणि समोरचे रताबन शिखर, ढगांनी उघडले तर, दिशा दाखवतात. बारापर्यंत पात्र गाठता येते. इथे माती संपून गोटे सुरू होतात आणि त्या गोट्यांमध्ये जमिनीलगत पसरलेली, मोठ्या जांभळट-गुलाबी फुलांची एपिलोबियमची झुडपे दिसतात. पाण्याच्या इतक्या जवळ की पूर आला तर पहिली वाहून जातील. समोर टिपरा हिमनदीची बाजू. तिकडे जाण्यासाठी स्पष्ट वाट नाही, सैल दगडांचा ढीग आहे, आणि एका दिवसाच्या चालीत ते बसत नाही. पराठे इथे खावेत.

साडेबाराला परत फिरावे. पात्र गाठलेले असो वा नसो, पन्नास पावले उरलेली असोत वा दोन किलोमीटर, साडेबारा म्हणजे साडेबारा.

हा नियम मी ऐकून घेतलेला नाही. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा आम्ही चौघे सव्वाला पात्रावर पोहोचलो आणि आता आलोच आहोत म्हणून दोनपर्यंत बसलो. उठताना पाऊस लागला. सकाळी तीन दगडांवर पाय ठेवून कोरड्या बुटांनी ओलांडलेला एक ओढा दुपारी समोर आला तेव्हा त्यातला मधला दगड दिसतच नव्हता, फक्त त्याच्यावरून वाकून जाणारे पाणी दिसत होते. आम्ही वीस मिनिटे वरखाली फिरून रुंद, उथळ जागा शोधली आणि एकमेकांचे हात धरून पलीकडे गेलो. पाणी गुडघ्याच्या वर होते आणि पायांतली जाणीव काही क्षणांत गेली. चौकीवर पोहोचायला पाच वाजून वीस मिनिटे झाली. तिथला कर्मचारी पावसात उभा राहून वाट पाहत होता. तो रागावला नाही, त्याने फक्त वहीतली आमची नावे एकेक करून खोडली. तेव्हापासून मी वेळेत तडजोड करत नाही.

ओढे आणि बर्फ

ओढा ओलांडताना सॅकचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरला तर ओझे झटकन टाकता येते. बूट काढू नयेत. बोटांना इजा होण्यापेक्षा ओले बूट परवडले. पाणी जिथे पसरट आणि खळखळणारे असते तिथे ते उथळ असते. गुळगुळीत आणि गप्प दिसते तिथे खोल असते. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवून, एका वेळी एकच आधार हलवत, तोंड थोडे प्रवाहाकडे ठेवून जावे. काळपट, बुळबुळीत दगडापेक्षा पाण्याखालच्या बारीक खडीवर पाय जास्त भरवशाने टिकतो.

जून-जुलैत नाळांमध्ये जुन्या बर्फाचे पूल उरलेले असतात. वरून मळकट आणि घट्ट दिसले तरी खालून पाणी त्यांना पोखरत असते. पायवाटेच्या खुणा ज्या जागेवरून गेलेल्या दिसतात तिथूनच, एकेकट्याने आणि अंतर ठेवून ओलांडावे. खालून पोकळ आवाज येत असेल किंवा कडेला भेग दिसत असेल तर मागे फिरावे. उभे राहून फोटो काढण्यासाठी त्यावर कधीही चढू नये.

परतल्यावर

परतीच्या उतारावर गुडघे थकलेले असतात आणि दगड ओले असतात. बहुतेक मुरगळण्या इथेच होतात. काठी थोडी लांब करावी, पावले आणखी लहान करावीत. चारपर्यंत पूल, साडेचारपर्यंत चौकी असा हिशेब धरला तर अर्धा तास हाताशी राहतो. चौकीवर आपण बाहेर पडल्याचे आवर्जून सांगावे आणि बरोबर नेलेल्या बाटल्या व वेष्टने मोजून पाहावीत.

घांघरियात कपडे वाळत नाहीत. खोलीवर गेल्याबरोबर बुटांतले तळवे बाहेर काढून ठेवावेत आणि बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. जेवणाआधी एकदा आणि झोपण्याआधी एकदा ते बदलले की सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. वर्तमानपत्र तिथे मिळेलच असे नाही, म्हणून घरून निघताना चार-पाच अंक सॅकच्या तळाशी टाकावेत.